पाठीतलं पाणी

तमाम डॉक्टर, वैद्य आणि हकीम मंडळींस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपली आता गरज उरलेली नाही. माझ्या दाजींच्या आजाराचे निदान वालूरात, त्यांच्याच ओसरीवर, चहाच्या दुसऱ्या फेरीत पार पडले आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना कित्येक दिवस बारीक ताप होता, डोकं ठणकत होतं, अन्न बघितलं की उलटी. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस बिस्किटाचा पुडा आणि एक रोग घेऊन येतो. पुडा तोच संपवतो, रोग ठेवून जातो. एकानं उन्हाचा तडाखा सांगितला, दुसऱ्यानं चष्म्याचा नंबर. टीबीचं नाव निघालं तेव्हा सगळे हसले. खोकला न्हाई तर टीबी कुठला? मग एका सकाळी दाजी स्वतःच्या दारात उभे राहिले आणि हे घर कुणाचं म्हणून विचारू लागले. चष्म्यावाले गृहस्थ तेव्हा हळूच उठून गेले.

आम्ही त्यांना परभणीला दवाखान्यात नेलं. दाजी ग्लानीत, हाक मारली तर ओ नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मेंदूचा फोटो बघितला आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. टीबीचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे मेंदूच्या आवरणात जाऊन बसतात, तिथं सूज येते, म्हणून ताप, डोकेदुखी आणि हा भ्रम. खोकला असेलच असं नाही. कमरेजवळ मणक्यातून बारीक सुईनं थोडं पाणी काढून तपासायचं. लगेच टीबीच्या गोळ्या आणि सूज उतरवणारं औषध सुरू करायचं. गोळ्या वर्षभर, बरं वाटलं तरी बंद नाही. उशीर झाला तर डोळे जातील, कान जातील, पाय जातील, माणूसही जाईल.

एवढं स्पष्ट ऐकल्यावर आम्ही अर्थातच घोळ घातला.

दाजींचे थोरले भाऊ घराचे कर्ते. त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाहीर केलं की पाठीतलं पाणी काढलं की माणूस जन्माचा लुळा पडतो. पुरावा म्हणून चुडाव्याचा एक माणूस हजर केला, म्हणजे तोंडी. चार प्रश्न विचारल्यावर कळलं, तो आधीच लुळा पडला होता आणि म्हणूनच त्याला दवाखान्यात नेलं होतं. या फुटकळ तपशिलानं पुराव्याला काहीही बाधा आली नाही. सुई टोचतात तिथपर्यंत मुख्य मज्जारज्जू पोचतच नाही, असं बाईंनी सांगितलं. थोरल्यांनी, लहान लेकराचे बोबडे बोल ऐकावेत तसं, कौतुकानं ऐकून घेतलं.

आता गंमत बघा. सही करायची माझ्या बहिणीनं, आणि आमची अक्का लग्न झाल्यापासून थोरल्या दिरांशी एक शब्द बोललेली नाही. तशी रीत आहे. दीर समोर उभे असले तरी ती डोक्यावरचा पदर ओढून भिंतीला सांगते, अमुक करा म्हणावं. मग मधल्या कुणीतरी ते दोन हात अंतरावरच्या दिरांना पोचवायचं. त्या दिवशी पोस्टमन मी. इकडून निरोप, “सुई घालू द्या म्हणावं.” तिकडून, “तिला म्हणा, बायांनी यात पडू नये.” मी मन लावून टपाल वाटत होतो. आत दाजींचा श्वास घुरघुरत होता.

दाजी आज सावकाश का होईना चालतात, एका कानानं कमी ऐकतात, वर्षभराच्या गोळ्या संपवून पुन्हा सोयाबीनच्या भावावर भांडतात. पण तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई कागद घेऊन ताटकळत होत्या. थोरल्यांनी त्यांना हातानं अडवलं आणि म्हणाले, आमी उद्या भावकीत बसून ठरवू.

अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही, भिंतीकडंही नाही. बाईंच्या हातातून कागद ओढला, त्यावर सही केली आणि पदर मागं टाकून थेट दिरांच्या तोंडावर म्हणाली, “लुळे पडले तर मी पाठीवर घेऊन हिंडीन. पर दादा, तुमी आता मधी बोलला ना, तर पयली सुई तुमच्याच पाठीत घालायला लावीन.”