हलव्यातली डांबरगोळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

काल शेजारच्या काकांच्या नातवाचं बोरन्हाण होतं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतण्याआधी त्याची आई त्याला मांडीवर घेऊन बसली. एका वाटीत हलवा, दुसरीकडे काचेच्या बंद बरणीत डांबरगोळी.

"यातलं खायचं कुठलं?"

त्याने हलव्यावर बोट ठेवलं.

"आणि जमिनीवर पांढरं काही सापडलं तर?"

"तुला दाखवायचं." जरा थांबून म्हणाला, "आजोबांना नको. ते झोपतात."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आमच्या मुलीच्या बोरन्हाणाला सुमनने ट्रंकेतून काळी साडी काढली, तेव्हा घडीतून एक डांबरगोळी घरंगळत पलंगाखाली गेली. मी ती पाहिली. पेपर वाचत होतो, नंतर उचलू म्हटलं. संध्याकाळी मुलीने ती हलवा समजून खाल्ली. जमिनीवरचं पांढरं वेचून खायला दुपारी आम्हीच तर तिला शिकवलं होतं, टाळ्या वाजवून. मुलांना विष ओळखायला शिकवताना आपण आधी काय शिकवून ठेवलंय, हे कुठे आठवतं?

मुलगी दवाखान्यातून बरी होऊन आली. "माझ्याच साडीतली," सुमन तेवढंच म्हणाली. तेव्हापासून ती संक्रांतीला काळं नेसत नाही. मी कधी आग्रहही केला नाही.

कालही ती हिरव्या साडीत होती. ती गोळी मी पाहिली होती, हे तिला सांगणं अजून राहिलं आहे.