अक्काला सांगायचा निरोप

मी आणि शेजारच्या अक्काच्या पोरानं मिळून शेवटचं काम केलं ते माझ्या खाटेचं. दोरी सैल पडून तिची झोळी झाली होती. मी गाठ सोडायला गेलो तर त्यानं माझं मनगट धरलं. "आबा, थांबा. परत बांधता येईल का ते आधी बघू." मी म्हटलं, अरे खाट आहे, विमान नाही. हसला, पण गाठ कशी मारलीय ते नीट पाहिल्याशिवाय सोडू दिली नाही.

धुळ्यात आमची भिंतीला भिंत. मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, चौथी शिकलेला. तो पुण्याला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर. गल्लीत फोन माझ्याकडंच, म्हणून त्याच्या कंपनीच्या कार्डामागं पेनानं माझा नंबर लिहिलेला असायचा. त्याचा फोन आला की मी भिंतीवरून ओरडायचो आणि त्याची आई, आमची अक्का, हाताचं पीठ तसंच घेऊन पळत यायची. बाप कधीच गेलेला. घरात ती एकटी.

कंपनीत करतोस तरी काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं वाचतो. सन दोन हजार लागलं की जुने प्रोग्राम साल चुकणार, ते कुठं चुकतील ते शोधून दुरुस्त करतो. म्हटलं, म्हणजे तूही लाइनमनच, फक्त खांबावर चढत नाहीस. हे त्यानं ऑफिसात सगळ्यांना सांगितलं म्हणे.

नवा होता तेव्हा बिनकामाची वाटली म्हणून त्यानं प्रोग्राममधली एक ओळ काढून टाकली. परदेशातल्या कुठल्याशा बँकेचं काम ठप्प. जुनी प्रत कुणी ठेवलेलीच नव्हती. तेव्हापासून ह्याचं एकच तुणतुणं. नळाचा वॉशर बदलायचा असला तरी आधी, "परत फिरता येतं का?" तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. वैताग येतो हो.

माझी बायको गेली तेव्हा आला होता. मी तिच्या साड्यांचं गाठोडं बोहारणीला द्यायला काढलं होतं. लोक म्हणत होते, देऊन टाका, मन मोकळं होईल. त्यानं गाठोडं उचललं आणि फळीवर नेऊन ठेवलं. "आबा, ह्याला परतीची वाट नाही. थोडं थांबा." ते अजून तिथंच आहे. मी त्या गाठोड्याकडं पाठ करून झोपतो.

तर खाट. ताणून झाली तसा तिच्यावर आडवा झाला आणि बोलता बोलता झोपला. दोन हजार साल तोंडावर, कामाचा रेटा; त्या वर्षी तो कुठंही झोपायचा, जेवायच्या ताटावरसुद्धा. उठल्यावर म्हणाला, कंपनी अमेरिकेला पाठवतेय, बऱ्याच वर्षांसाठी. पण मी जाणार नाही. इकडं अक्कानं गल्लीभर पेढे वाटलेले.

"का रे?"

"मी परत येईन, आबा. पण आई आहे तशी सापडेल का?"

म्हणाला, तिच्या तोंडावर सांगायची हिंमत होत नाही, मी गेल्यावर सकाळी तुम्हीच सांगा. मी म्हटलं, शिव्या खायला मीच बरा सापडतो तुला. संध्याकाळी स्टँडवर जाऊन त्याला पुण्याच्या बसमध्ये बसवून दिलं. बस हलायच्या आधीच त्यानं खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.

सकाळी फोन वाजला. पुण्याच्या स्टँडवरून कंडक्टर बोलत होता. सगळे उतरले, हा झोपलाय असं वाटून हलवला, तर अंग गार. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. खिशातल्या कार्डामागचा नंबर बघून त्यानं मला लावला होता.

फोन ठेवला. भिंतीपलीकडं स्टोव्हचा आवाज येत होता. मी गेलो.

अक्का म्हणाली, "पोचना का पोऱ्या?"

मी म्हटलं, पोचला. मग त्यानं सांगितलं होतं ते सांगितलं. अमेरिकेला जात नाही म्हणतो, तुम्हाला सोडून.

मला वाटलं, आता तोंड सुटणार. ती खाली बसली. पदरानं डोळे पुसले आणि हसायला लागली. "मंग आते पोरगी देखनी पडी, भाऊ." त्याच्या लग्नासाठी सोनगीरची एक तिच्या मनात होती, पिंपळनेरची एक. कोण गोरी, कोणाचा भाऊ मास्तर, सगळं सांगत होती. मी मान हलवत होतो. तिनं दिलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.

मग आणखी अर्धा कप मागितला.