नाव घ्यायची वेळ

एक वेळ सोडली, तर आमच्या ह्यांना मी उभ्या जन्मात नावानं हाक मारलेली नाही. इथंही त्यांचं नाव लिहिणार नाही. लिहायला घेतलं की हात तिथं येऊन अडतो, त्याला मी तरी काय करू.

लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा सातवीपर्यंतची शाळा, मोडकंतोडकं हिंदी आणि 'अहो', एवढ्या भांडवलावर मी संसार मांडला. हे सरकारी खात्यात कारकून. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं, मागे अंगण, आणि अंगणात कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे एक पंजाबी शेजारीण राहायची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिनं महिनाभर ऐकून घेतलं आणि एक दिवस भिंतीवर कोपर टेकून मला विचारलं, "एक बात बता. तू सारा दिन किसको हाँ-हाँ करती रहती है?"

मी म्हटलं, मी कुठं कुणाला हाँ म्हणते.

"सुबह से सुन रही हूँ. आहो, आहो, आहो. वो बेचारा तो कुछ पूछता भी नहीं."

आता मला काय ठाऊक, पंजाबीत 'आहो' म्हणजे 'हो'. मी माझ्या हिंदीत समजावलं, की हमारे में पति का नाम नहीं लेते, उसके बदले ये बोलते. ती म्हणाली, "मतलब तूने आदमी का नाम ही हाँ रख दिया. फिर ना कब बोलती है?" त्या दिवसापासून गल्लीत ह्यांचं नाव 'आहोजी' पडलं. भाजीवाला घर विचारत आला तर पोरं सांगायची, वो आहोजी का मकान. आणि ह्यांना त्यात गंमत वाटायची. ऑफिसात कुणी त्यांना जी म्हणत नव्हतं ना.

गणपतीत मात्र पंचाईत व्हायची. मराठी मंडळी आरतीला जमलेली, पुरुष पुढे, आम्ही मागे. मी मागून हळूच 'अहो' म्हटलं की सहा-सात नवरे वळून बघायचे. आमचे सगळ्यात शेवटी वळत. घरी येऊन मी कुरकुरले तर म्हणत, "बाकीच्यांना खात्री करून घ्यावी लागते. मला तुझा आवाज कळतो, म्हणून घाई करत नाही."

पुढे क्वार्टर सुटलं, आम्ही मयूर विहारला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आलो, हे रिटायर झाले. आणि कधीतरी, नेमकं कधी ते मला सांगता यायचं नाही, ह्यांचं ऐकणं कमी व्हायला लागलं. आधी मला वाटलं, लक्ष नाही. नवऱ्याचं लक्ष नसणं आणि नवऱ्याला ऐकू न येणं ह्यातला फरक बाईला पटकन कळत नाही. मी सांगितलं, "प्लंबर आज येणार नाही म्हणाला." हे पेपरमधून मान वर करून म्हणाले, "छान झालं." मी सांगितलं, माझ्या धाकट्या बहिणीच्या छातीत दुखतंय, तिला ॲडमिट केलंय. हे हसले आणि मान डोलावली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच एक घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसले. बहीण बरी झाली, पण माझ्या मनातून ते हसणं गेलं नाही.

मी बडबडी बाई आहे, हे वाचताना तुम्हाला कळलंच असेल. पण बडबडीलासुद्धा समोर कान लागतो. भिंतीशी बोलायचं तर ती शेजारणीची भिंत बरी होती, तिकडून निदान जवाब यायचा. मला भीती वाटायला लागली ती मरणाबिरणाची नाही. आम्ही दोघं असेच समोरासमोर चहा पीत बसू, मी एकटीच बोलत राहीन, आणि एक दिवस मीसुद्धा गप्प होईन, ह्याची.

कॉलेजात जाणारी नात आमच्याकडेच राहते. ती म्हणाली, "आजी, सिंपल आहे यार. आजोबांच्या कानाला मशीन लावून घेऊ."

हे म्हणाले, "मला सगळं ऐकू येतं. हीच पुटपुटते."

नात आमची हट्टी. तिनं आठ दिवस पिच्छा पुरवला. शेवटी ह्यांनी अट घातली: एकदाच जाऊ. तिथं मशीन लावून हिची हाक मला पाठीमागून ऐकू आली, तर घेऊ. नाही आली, तर ह्या घरात मशीनचं नाव पुन्हा कुणी काढायचं नाही. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

कानाच्या दवाखान्यात एक तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिनं ह्यांच्या कानात ते इवलंसं यंत्र बसवलं, कॉम्प्युटरवर काय काय केलं आणि मला म्हणाली, "आंटीजी, आप इनके पीछे खड़ी हो जाइए. जैसे घर में बुलाती हैं, वैसे ही बुलाइए."

मी पाठीमागे उभी राहिले. म्हटलं, "अहो."

हे हलले नाहीत. एसी घुरघुरत होता. मी पुन्हा म्हटलं, जरा जोरात. मान तशीच ताठ.

ती मुलगी म्हणाली, "नाम लेकर बुलाइए ना. अपना नाम आदमी भीड़ में भी पकड़ लेता है."

नात म्हणाली, "आजी, बोल ना. एवढं काय त्यात?"

तिला काय सांगू काय त्यात. ती तिच्या मित्राला अरे-तुरे करते, तिचं ठीक आहे. नाव घशाशी येऊन परत खाली जात होतं. आणि इकडे मला दिसत होतं, की मी आता गप्प राहिले तर हे उठतील, यंत्र काढून देतील, आणि विषय कायमचा मिटेल. नाव घ्यायची मला एकच रीत ठाऊक, हळदीकुंकवातली. डोक्यात सकाळी येताना मेट्रोत ऐकलेलं 'दरवाज़े बाईं ओर खुलेंगे' घुमत होतं. मी डोळे मिटले आणि म्हणून टाकलं,

"मेट्रो आली, दारं उघडली डावीकडे,
अमुकराव, आता तरी बघा माझ्याकडे."

अमुकच्या जागी खरं नाव होतं, अगदी ठणठणीत.

हे गर्रकन वळले. चेहरा बघण्यासारखा झाला होता. ती मुलगी नातीला विचारत होती, "क्या बोला आंटी ने?" आणि नात हसून हसून भिंतीला टेकली होती.

परत येताना रिक्षात हे खालच्या आवाजात म्हणाले, "पहिलं 'अहो'सुद्धा ऐकलं होतं मी."

"मग वळला का नाहीत?"

"यंत्र नको होतं मला. म्हातारा झाल्यासारखं वाटतं." मग कानातलं नवं यंत्र चाचपत म्हणाले, "मग तू नाव घेतलंस. एवढ्या वर्षांत त्या नावानं हाक मारली नाहीस, ती त्या खोलीत, परक्या पोरीसमोर मारलीस. म्हटलं, हिला फारच एकटं पडल्यासारखं झालेलं दिसतंय."

मला राग यायला हवा होता, आलाही. पण रिक्षाच्या खडखडाटात त्यांनी हे मला कुजबुजून सांगितलं होतं, आणि मी त्याहून हळू म्हटलं, "लबाड आहात."

"ऐकलं," हे म्हणाले.