माजी उपप्रांतप्रमुख, पाचवा मजला

रागावण्याचं काम कुणी नोकरीसारखं, वेळेवर हजर राहून आणि एकही रजा न घेता केलं असेल, तर ते टोकियोतल्या निशी-कसाई भागात आमच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरच्या साहेबांनी. चीनमधल्या एका प्रांताचे ते माजी उपप्रांतप्रमुख. मुलगी इथे माझ्याच ऑफिसात, म्हणून निवृत्तीनंतर तिच्याकडे राहायला आले. अधिकार मागे राहिला, आवाज तेवढा बरोबर आला. सकाळी सातला कचऱ्याच्या पिशव्या ठेवायच्या जाळीपाशी हात मागे बांधून उभं राहायचं आणि कचरा नीट वेगवेगळा केलाय का, म्हणून प्रत्येकाची पिशवी तपासायची, हा त्यांचा नेम. एकदा माझ्या पिशवीतून त्यांनी नारळाची करवंटी बाहेर काढली आणि मोडक्या जपानीत विचारलं, "हे कुठल्या खात्यात येतं?" जळणाऱ्या कचऱ्यात, मी सांगितलं. "कोणाच्या हुकमाने?" माझी गाडी चुकायला आलेली, हातात डबा, खांद्यावर लॅपटॉप, आणि हे गृहस्थ करवंटी उलटीसुलटी करून बघतायत. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते मला जपानात येऊन कळलं.

त्यांची कारकीर्द सगळ्या इमारतीला पाठ होती, कारण लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला ती ऐकावीच लागे. आधी गावाच्या कर्ण्यावरून हवामान सांगायचे, मग तालुका, मग जिल्हा, मग प्रांताचं पूरनियंत्रण खातं, आणि शेवटी उपप्रांतप्रमुख. आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत जिल्हा जेमतेम संपायचा. प्रांतासाठी मला लिफ्टचं दार धरून उभं राहावं लागे. माणूस भेटला की आधी हुद्दा विचारायचा, नमस्कार नंतर. माझा नवरा बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे हे कळल्यावर तर ते दोन पावलं मागे सरून वाकले. रहिवाशांची यादी बिचारी घरांच्या क्रमांकाने लावलेली होती. साहेबांनी ती काढून नवी चिकटवली: पहिलं नाव स्वतःचं, दुसरं माझ्या नवऱ्याचं. नवऱ्याने काकुळतीला येऊन सांगितलं, "अहो, आमच्या ऑफिसात एकेका मजल्यावर चाळीस व्हाइस प्रेसिडेंट आहेत. मला रजासुद्धा विचारून घ्यावी लागते." साहेबांनी समजुतीने मान हलवली. "मोठी माणसं असंच बोलतात," म्हणाले. त्या दिवसापासून खालच्या मजल्यांवरचे लोक आमच्याशी जरा जपूनच बोलायला लागले, आणि त्याचाही राग मी साहेबांवरच काढत असे.

मग तो वादळाचा शनिवार आला. आमचा भाग समुद्रसपाटीच्याही खाली, शेजारी नदी. पण जागा सोडण्याची सूचना मोबाइलवर आलेली नव्हती, म्हणून मी निवांत पोहे करत होते. साहेब दारात उभे. हातात स्वतः लिहिलेला कागद: खालच्या दोन मजल्यांनी ताबडतोब वर यावं. त्याखाली त्यांना व्हाइस प्रेसिडेंटची सही हवी होती. नवरा हसून म्हणाला, "वरून सूचना येऊ दे ना, साहेब. आली की लगेच हलू." साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी कागद टराटरा फाडला आणि खाली गेले. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना त्यांनी अक्षरशः उचलून लिफ्टमध्ये घातलं, मग एकेक दार बडवून सगळ्यांना वर पिटाळलं. आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं संध्याकाळपर्यंत गुडघ्याला गुडघा लावून बसली. पाणी काही आलं नाही. इमारतीची पहिली पायरीसुद्धा बुडाली नाही. त्या ओढाताणीत आजींचा हात मात्र मुरगळला.

आता मी गप्प बसणार नव्हते. रविवारी सकाळी तडक वर गेले. त्यांच्या मुलीला म्हटलं, माझा शब्दन् शब्द त्यांना सांग. "तुम्हाला हा अधिकार दिला कोणी? त्या आजींना काही झालं असतं तर?" तिने चिनीत सांगितलं. साहेब बोलले, आणि त्यांचा खालच्या पट्टीतला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मुलगी एकेक वाक्य मला सांगत गेली.

"मी पूरनियंत्रणाला होतो. बंधारा फुटायला आला होता. खाली एक गाव होतं. गाव हलवायचा कागद मी वर पाठवला आणि सहीची वाट बघत बसलो. सही दुसऱ्या दिवशी आली. तोवर गाव राहिलं नव्हतं."

मुलगी अडखळली. तिलाही हे नवीन असावं. साहेबांनी तिला हाताने पुढे सांगायची खूण केली.

"अहवालात लिहिलं, सगळं नियमाप्रमाणे झालं. ते खोटं नव्हतं. त्यानंतरच मी उपप्रांतप्रमुख झालो. लोक अभिनंदन करायला घरी आले. त्या गावाबद्दल मला आजवर कोणी रागावलेलं नाही."

एवढं बोलून ते हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसले. मी रागवायलाच तर आले होते. पण "आजींचा हात बरा आहे आता," असं काहीतरी पुटपुटून मी खाली उतरले.

या वसंतात ते मुलाकडे, चीनला परत गेले. निघताना मला वाकून नमस्कार केला, हुद्दा न विचारता. त्यांची आठवण आली की मला अजून वाईट वाटतं. दोन वर्षं मी त्या माणसावर कचरा, लिफ्ट, यादी असल्या फुटकळ गोष्टींसाठी धुसफुसत राहिले, आणि ज्या एका गोष्टीसाठी त्यांना कुणाचा तरी राग हवा होता, तिथे नेमकी मी समजूतदार झाले.