नवमीची दुसरी सवाष्ण

बायकोचं वर्षश्राद्ध उरकलं आणि मुलाने मला उचलून अमेरिकेत, बोस्टनजवळच्या श्रूजबरीला आणलं. दोन हजार पाच साल. मी जन्मभर एस.टी. चालवलेला माणूस. इथे गाडीला हात लावायचा नाही आणि गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. मुलगा-सून ऑफिसला गेले की मी या खोलीतून त्या खोलीत. खिडकी उघडायची, लावायची. टीव्ही लावायचा, बंद करायचा. रडू येत होतं असं नाही, बूड टेकत नव्हतं.

भाद्रपद जवळ आला तशी सून म्हणाली, "बाबा, आईंच्या नवमीला किती जणींना बोलवू? वर्किंग डे आहे, आधी सांगावं लागेल."

अविधवा नवमी म्हणजे पितृपक्षातली, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथी. त्यांच्या नावाने सवाष्ण जेवायला घालतात. माझी बायको माझ्या आधी गेली, तेव्हा तिच्या नावाची एक. त्यात काही प्रश्न नव्हता. पण ती स्वतः दर नवमीला आपल्या आईच्या आईसाठी एक घालायची. ती आता घालायची की नाही?

हा तिच्या माहेरचा जुना वाद. तिचा आजोबा बोटीवर खलाशी. मुलगी, म्हणजे माझी सासू, रांगत होती तेव्हा गेला तो आलाच नाही. बरोबरचा एक जण परतला, तो म्हणाला, बोस्टनला बोटीवरून उतरला नि कापडाच्या गिरणीत लागला. पुढे ना पत्र ना निरोप. आजीने कुंकू पुसलं नाही. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या शिमग्यात ती वारली, तेव्हा हिला हिरवं लुगडं नेसवायचं की नाही यावर गावात दोन तट पडले. बायांनी हिरवंच नेसवलं. भटजी माझ्या बायकोला म्हणायचे, "अहो, तो आधी गेला की नंतर, ठाऊक नाही. नवमी कशी करता?" ती म्हणायची, "तुम्हाला कुठे जेवायचंय? सवाष्ण जेवणार आहे." मी हसायचो.

दवाखान्यात शेवटी शेवटी मला म्हणाली, "माझं ठरलं, मी तुमच्या आधी. आजीचं तेवढं कळायला हवं होतं."

हे सगळं सुनेला सांगितलं. ती नागपूरची, कॉम्प्युटरमधली. म्हणाली, "मग शोधू ना. जुन्या जनगणनेची पानं इथे बघता येतात. बहात्तर वर्षं झाली की ओपन करतात. त्यात गाव सापडलं तर तिथल्या टाउन हॉलमध्ये मृत्यूची नोंद मिळेल. नाव काय त्यांचं?"

इथेच गाडी अडली. आजीने नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी तोंडातून काढलं नाही. सासूचं लग्न झालं, बापाचं नाव गेलं, नवऱ्याचं लागलं. तिला शाळा नाही, दाखला नाही. घरात उरला होता तो आजीचा उखाणा. सासू म्हणून दाखवायची:

खाडीला भरती, भरतीला लाट,
अमुकरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.

अमुकच्या जागी काय ते लिहीत नाही. लग्नातला उखाणा सोडला तर माझ्या बायकोने माझं नाव घेतलं नाही, मी तिचं घेतलं नाही. मग त्याचंच इथे कशाला?

दर शनिवारी सून मला लायब्ररीत न्यायची. ते राव लावलेलं नाव ती इंग्रजीत नाना तऱ्हांनी लिहून बघायची. मी मागे उभा, नाहीतर बाहेर गाड्यांच्या रांगांतून फेऱ्या. सापडेना. चिपळूणहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण.

"गावला का म्हातारा, भावोजी?"

"नाही. असा कोणी राव अमेरिकेत आलेला दिसत नाही."

"राव? खलाशाला राव कोण म्हणेल? ते उखाण्यात घालायचं असतं. तुमच्या बायकोनेही तुम्हाला लग्नात राव केलं होतं. डेपोत म्हणायचं का कोणी?"

"डेपोत म्हणायचे ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही."

राव काढला, नुसतं नाव ठेवलं, आणि ते आडनावाच्या जागी घालून बघितलं. निघाला. आमच्यापासून तासाभरावरच्या एका गिरणीच्या गावात, कोणा बाईच्या घरी भाड्याने. देश इंडिया, जात हिंदू, काम गिरणीत. वय जुळलं, आल्याचं साल जुळलं. सुनेने पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"काय लिहिलंय?"

"विधुर."

मी उभाच होतो, तरी पुन्हा उठल्यासारखं झालं. "बायको कुंकू लावून बसलीय तिकडे, आणि हा विधुर?"

"बाबा, हळू. लायब्ररी आहे. जनगणनेवाला दारात आला की घरात असेल तो माणूस माहिती सांगायचा. घरमालकिणीने सांगितलं असेल."

"आणि तिला कोणी सांगितलं?"

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, बंद कर हा शोध, नालायक होता. घरी पोचेपर्यंत मीच विचारलं, तो टाउन हॉल शनिवारी उघडा असतो का. नव्हता. तिने शुक्रवारी अर्धी रजा टाकली.

टाउन हॉलमधली बाई चांगली जाडजूड, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला. कोणाचा कोण, असं तिने विचारलं. सून म्हणाली, यांच्या बायकोचे आजोबा. बाई माझ्याकडे बघून म्हणाली, मग वाइफ कुठे आहेत? एवढं इंग्रजी मला कळतं. "नो मोअर," मी म्हटलं. तिने मला खुर्ची दिली, मी बसलो नाही. मोठाली बाडं तिने स्वतःच काढली आणि बोट लावून एकेक ओळ खाली येत राहिली.

थंडीत न्यूमोनियाने गेला. देश स्वतंत्र व्हायच्या बऱ्याच आधी. लग्न झालेला. बायकोचं नाव: माहीत नाही.

"इथे लग्न झालेला म्हणतायत," सून म्हणाली.

"मरताना बायको आठवली असेल. नाव सांगण्याइतकी नाही."

अक्काला फोन लावला. तिने हालहवाल विचारलीच नाही. "आधी की नंतर?"

"आधी. बराच आधी." विधुराचंही सांगून टाकलं. मला गोड करून सांगता येत नाही.

ती म्हणाली, "त्याने जिवंत बायको मारली आणि हिने मेलेला नवरा जगवला. झकास संसार. म्हणजे भटजीच खरे ठरले. आता ती दुसरी सवाष्ण घालू नका, भावोजी. माहीत नव्हतं तोवर ठीक होतं. आता घातली तर ती खोटी."

बोलणं बरोबर होतं. याला उत्तर माझ्या बायकोने दिलं असतं, ताडकन. अंगणात गेलो, आत आलो, पुन्हा गेलो.

सुनेने परत विचारलं, "बाबा, एक की दोन?"

"दोन."

"पण ते तर आधी..."

"कळलंय मला. कागदाने ती विधवा. पण तिला सांगायला कोणी गेलं नाही, आणि मीही जाणार नाही. बोलव दोघींना."

नवमीला सुनेच्या ऑफिसातल्या दोघी एकाच गाडीतून आल्या, एक पुण्याची, एक मुंबईची, गळ्यात ऑफिसचे बिल्ले तसेच. जेवणाच्या सुट्टीत येऊन परत जायचं होतं. सुनेने दोघींना हळद-कुंकू लावलं, खीर वाढली. पुण्याची म्हणाली, "काका, मी कोणाच्या नावाने जेवतेय?"

"माझ्या बायकोच्या."

"आणि मी?" मुंबईची म्हणाली.

"तिच्या आजीच्या."

"त्यांचं नाव काय होतं?"

मी सुनेकडे बघितलं, ती माझ्याकडे. इतके दिवस त्याचं नाव धुंडाळत फिरलो. हिचं कोणी विचारलं नव्हतं. माझी बायको तिला आजीच म्हणायची.

"तुम्ही जेवा, खीर गार होईल," म्हटलं, आणि अक्काला फोन लावायला उठलो.