ओल्या बोटाचं वाचन

श्रावणात पाम गावच्या आमच्या घरी दुपारी पोथी लागते. वाचणार आई, ऐकायला आळीतल्या बायका. आईच्या शेजारी पाण्याची वाटी असते. पोथीला उष्टं बोट लावायचं नाही, म्हणून पान उलटण्याआधी ती बोट वाटीत बुडवते. चाळीस वर्षांची सवय.

डोळे अधू झाले, पोथीतली अक्षरं दिसेनात, तेव्हा मी एका छोट्या कंपनीचं ई-रीडर आणलं. जुन्या पोथीची फाइल त्यात घातली आणि अक्षर बोराएवढं केलं. पान उलटायला कडेला दोन बटणं होती, टचची भानगडच नव्हती. आईने पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं, वाटीत बोट बुडवलं आणि बटण दाबलं. पान उलटलं. ओल्या बोटाचं त्याला वावडं नव्हतं. तीन श्रावण ती त्यावरच वाचत होती.

मी तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. तिथे मी त्या यंत्राचं तोंड भरून कौतुक करायचे. सगळे एकच विचारायचे, "त्या मोठ्या कंपनीची पुस्तकं चालतात का यावर?" नाही चालत. त्यांच्याकडून घेतलेलं पुस्तक त्यांच्याच यंत्रावर उघडतं. माल चांगला असून उपयोग काय? पुस्तकांच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला! संताप येतो मला. आणि खरं सांगते, स्वतःचाही येतो. सालवडच्या मैत्रिणीने "कुठलं घेऊ?" विचारलं, तेव्हा मीच म्हणाले होते, "मोठ्या कंपनीचंच घे बाई, कटकट नको."

यंदा आमचं यंत्र चार्जच होईना. बोईसरच्या दुकानदाराने उलटसुलट करून पाहिलं. "मॅडम, ये कंपनी तो बंद हो गई. पार्ट कहाँ से आएगा? बड़ावाला ले लो ना." श्रावण तोंडावर आला होता. झक मारत मोठ्या कंपनीचं घेतलं.

पहिल्याच दुपारी आईचं ओलं बोट पडद्यावर टेकलं आणि पानं तीन-चार पुढे पळाली. तिला कळलंच नाही, ती वाचत गेली.

"काकी, राक्षस अजून मेला नाय, मग त्याची बायको रडते कशाला?" एकीने विचारलं. बायका खो खो हसल्या. आई कावरीबावरी झाली.

"आई, बोट कोरडं कर," मी म्हणाले. तिने पदराला पुसलं. पुढच्या पानाला बोट आपसूक वाटीत गेलं. या कंपनीला दोन बटणं द्यायला काय झालं होतं? पण देतील कशाला? गिऱ्हाईक जातंय कुठे!

तिसऱ्या दिवशी आईने यंत्र माझ्या हातात ठेवलं आणि बायकांना म्हणाली, "उद्यापासून दुसऱ्या कोणाला बसवा गो. माजा हात आता कामाचा नाय."

"तुझ्या हाताला काय धाड भरलीय? हे यंत्रच भिकार आहे!" मी ओरडलेच.

"भिकार असता तर सगल्यांनी घेतला असता का?" आई म्हणाली, आणि उठून ऐकणाऱ्या बायकांत जाऊन बसली.