देवानंदनं निवडलेला उजेड

आमच्या गावात हट्टी माणूस शोधायला लांब जावं लागत नाही, देवानंदचं घर पहिल्याच गल्लीत आहे. सौंदडजवळच्या आमच्या गावातून गोंदियाच्या राइस मिलांना धानाची पोती पोचवणारा त्याचा छोटा हत्ती टेम्पो सगळ्यांच्या ओळखीचा. माणूस भला, कुणाच्याही अडीअडचणीला धावेल, पण एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही. मी शेजारी, त्यामुळे हे सगळं मला फुकटात भोगावं लागतं.

ऐन थंडीत त्याच्या नूतनला पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचं बोलावणं आलं. सकाळी सकाळी गोंदियाच्या मैदानावर हजर व्हायचं होतं. पोरीनं वर्षभर तलावाच्या पाळीवर धावून पाय तयार केले होते. धुक्याच्या दिवसांत रेल्वेचा भरवसा नाही, मीच नेतो, असं बापानं ठरवलं आणि त्यासाठी गाडीचे बल्ब बदलायला मला घेऊन मुन्नालालच्या दुकानात गेला.

मुन्नालालनं दोन्ही बल्ब समोरच्या भिंतीवर पेटवून दाखवले. एक पिवळसर हॅलोजन, दुसरा पांढराशुभ्र एलईडी. धुक्यात पिवळाच बरा, असं त्यानं आपणहून सांगितलं. पण देवानंदला तो उजेड कावीळ झाल्यासारखा वाटला. पांढऱ्यात भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसत होती. पोरीसाठी घेतोय तर भारीतलंच घेतो, म्हणाला आणि जुने पिवळे बल्ब तिथंच टाकून आला. संध्याकाळ स्वच्छ होती, भिंत हाताच्या अंतरावर होती. तिथं कुठलाही बल्ब पास झाला असता.

चाचणीच्या पहाटे आम्ही तिघं गावातून निघेपर्यंत सगळं ठीक होतं. तलावाच्या पाळीवर चढलो आणि धुकं आडवं आलं. देवानंदनं अपर मारला, तर काचेसमोर पांढरा पडदा. डिपर देऊन झोत खाली केला, तरी तेच. लाइट बंद केले तर काळोख. एका अंगाला तलावाचं पाणी, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, पाळीखालची खोल शेतं. तेवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम आला. मी उतरून पुढे चालू लागलो, पण माझ्या गुडघ्यांच्या भरवशावर राहिलो असतो तर गोंदियाला दुपारीच पोचलो असतो.

तेव्हा नूतन खाली उतरली.

"बाबा, लाइट बंद करा. मी मोबाइलचा टॉर्च घेऊन समोर पळीन, तुमी माह्या मांगं या."

"कायले वं? तिकडं धावाचं हाय ना तुले?"

"तिथं पोचू तवा धावीन ना."

तिनं टॉर्च मागे वळवून धरला आणि खडीच्या रस्त्यावर पळू लागली. मी परत गाडीत बसलो आणि आम्ही त्या ठिपक्यामागे चाललो. मला देवानंदचा राग येत होता आणि त्याच्याकडे पाहवतही नव्हतं. पाळ संपली, मग शेतं संपली, तरी ती पळतच होती. हायवे लागला तेव्हा कुठे एका ट्रकचा मागचा लाल दिवा मिळाला आणि ती आत येऊन बसली. पुढचा सगळा रस्ता ती आमच्या दोघांच्या मध्ये, पाय आखडून, कुडकुडत बसली होती. देवानंदनं आपली शाल तिच्या पायांवर टाकली. त्याहून जास्त त्याच्या हातात काही नव्हतं.

वेळेत पोचलो. तोवर गोंदियात लख्ख ऊन पडलं होतं. पालकांना आत सोडत नव्हते, म्हणून आम्ही जाळीला चिकटून उभे राहिलो. नूतन सुरुवातीला पुढे होती. शेवटच्या फेरीत तिच्या पोटरीत गोळा आला असावा, ती लंगडू लागली. एकेक पोरगी तिच्या पुढे गेली. त्यांच्या पायांखालून उडालेली धूळ जाळीपर्यंत येत होती. देवानंदनं जाळी दोन्ही हातांनी धरली होती.

चाचणीतून बाद होऊन ती बाहेर आली, गाडीत बसली आणि बापाकडे न बघता म्हणाली, "मैदान ओलं होतं बाबा. पाय सरकला."

देवानंदनं चावी फिरवली.

"हव," तो म्हणाला, "लय ओलं होतं."